सुरू होते, पण टिकत नाही

५ सप्टेंबर, सोमवार

पाऊस नाही.

माझा नवरा मर्व या वहीत एवढंच लिहायचा. धान्याचा व्यापारी दरवर्षी सगळ्या शेतकऱ्यांना ही वही फुकट वाटतो, आणि मर्व रोज सकाळी पाऊस मोजायच्या नळीत डोकावून आकडा टाकायचा. त्याला जाऊन सोळा महिने झाले तरी वही त्याच्याच नावाने येते. आकडा आता मी टाकते. उरलेलं पान कोरं बघवत नाही, म्हणून बाकीचंही लिहिते.

आज शेडमधल्या त्याच्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. दुसरा इलाज नव्हता. गेल्या बुधवारी कुलाराच्या रस्त्यावर कांगारू आडवा आला आणि माझी छोटी गाडी खलास झाली. मला खरचटलंसुद्धा नाही. कांगारू तर उठला, माझ्याकडे रागाने बघितलं आणि निघून गेला. गाडी भंगारात गेली. दुकान, डॉक्टर, वाचनालय सगळं कुलाराला, चाळीस किलोमीटरवर, आणि मी इथे.

मर्वची गाडी सत्तेचाळीस वर्षांची आहे. लांबलचक, दुधाळ चहाच्या रंगाची, मागे चार मेंढ्या उभ्या राहतील एवढी जागा. शेजारचा रॉस नवी बॅटरी घेऊन आला. आमची जमीन तोच कसतो, त्यामुळे दिवसातून एकदा डोकावतोच. किल्ली फिरवली, आणि दुसऱ्याच झटक्याला गाडी बोलली. तोच आवाज. मी शेडच्या खांबाला धरून उभी राहिले.

तीन सेकंदांत बंद.

पुन्हा सुरू केली. पुन्हा तीन सेकंद. असं अकरा वेळा.

"सुरू तर होतेय ना," रॉस म्हणाला, "म्हणजे अर्धं काम झालं."

"मग अर्ध्या रस्त्यापर्यंत जाऊन येऊ का?"

त्याने टोपी मागे सरकवली. "जुनं पेट्रोल असणार. दुसरं काही नाही. बघशील तू."

६ सप्टेंबर

पाऊस नाही.

जॅनीनचा फोन. ही माझी एकुलती एक मुलगी. न्यूकॅसलला असते, शाळेच्या कचेरीत काम करते. कांगारूचं कळल्यापासून रोज फोन करते. तिने माझ्यासाठी तिथे एक भाड्याचं घर बघून ठेवलंय. समुद्राजवळ, तळमजल्यावर.

"पायऱ्या चढायला नकोत तुला, आई."

"इथे तरी कुठे चढते? पाण्याच्या टाकीवर चढते तेवढीच."

"टाकीवर चढतेस?"

हे सांगायला नको होतं. मग तिने सगळं काढलं. माझं वय, रस्ता, साप, एकटेपणा. शेवटी म्हणाली, "गाडीशिवाय तू तिथे राहू शकत नाहीस. हे तुलाही कळतंय."

"गाडी आहे."

"ती? ती बाबांशिवाय कुणाचं ऐकत नाही."

मला राग आला, आणि मी रागात असले की कबूल करून बसते. ठरलं ते असं: तीस तारखेला शुक्रवारी, लांब सुट्टीसाठी ती बसने येणार. साडेतीनला कुलाराच्या पेट्रोल पंपापाशी उतरणार. मी मर्वच्या गाडीने तिला आणायला गेले, तर घराचा विषय कायमचा बंद. नाही गेले, तर कागदांवर सही करून तिच्याबरोबर जायचं. घराचा दलाल मंगळवारपर्यंत थांबायला तयार आहे.

ग्लेनला फोन दे म्हटलं, जावयाचं काय मत आहे बघू. तो अंघोळीला गेला होता. कालही अंघोळीलाच गेला होता. स्वच्छ माणूस आहे.

९ सप्टेंबर

२ मिलिमीटर.

जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं. तीन सेकंद.

"मग कार्बोरेटर," रॉस म्हणाला. परवापर्यंत त्याला पेट्रोलची शंभर टक्के खात्री होती, आज कार्बोरेटरची आहे. या बाबतीत तो मर्वसारखाच.

गाडी ढकलत शेडच्या दारापर्यंत आणली, म्हणजे उजेड मिळेल. तोंड बाहेर, पाठ आत. तर बाहेरच्या निलगिरीवर मॅगपायचं घरटं! सप्टेंबरात ते काळंपांढरं पाखरू पिलांसाठी कुणाच्याही डोक्यावर झेप घेतं. रॉस बॉनेटमध्ये वाकला आणि पाखराने त्याच्या टकलावर नेम धरला. त्याने अशी उडी मारली की मी सोळा महिन्यांत हसले नव्हते एवढी हसले. मग घरातून आइस्क्रीमचा रिकामा डबा आणला, मागच्या बाजूला काळ्या रंगाने दोन डोळे काढले आणि त्याच्या डोक्यावर उपडा घातला. डोळे बघितले की पाखरू मागून येत नाही.

"भुवया पण काढ," रॉस म्हणाला. "जरा करारी दिसू दे."

१० सप्टेंबर, शनिवार

पाऊस नाही.

शेडच्या फळीवर गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक सापडलं. तीनशे बारा पानं, तेलाचे डाग. मी कधी उघडलं नव्हतं. मर्वने माझी पुस्तकं उघडली नाहीत, मी त्याचं उघडलं नाही, असा आमचा शांततेचा करार होता.

शाळा मी तेराव्या वर्षी सोडली, आई गेली आणि धाकटी चार भावंडं माझ्या गळ्यात पडली तेव्हा. पुढचं सगळं वाचनालयाच्या फिरत्या गाडीने शिकवलं. पंधरवड्याला पाच पुस्तकं. शिकवणारं कुणी नव्हतं म्हणून मी एक नियम केला होता आणि अजून पाळते: पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं, मधलं काही गाळायचं नाही. कळलं नाही तर पुन्हा वाचायचं.

रॉस म्हणाला, "अगं, मागे सूची असते. 'इंजिन बंद पडणे' बघायचं आणि थेट ते पान काढायचं."

मी म्हटलं, "तू कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतोस का?"

"मी कादंबरी वाचतच नाही."

विषय संपला. पहिलं प्रकरण वाचलं. पेन्सिलीने मर्वने समासात लिहून ठेवलंय! पान नऊवर: "हे खोटं आहे." पान सतरावर: "करून बघितलं. नको." पान एकवीसवर: "नो. ने चहा आणला. बिस्किटं मऊ." नो. म्हणजे मी, नोएलीन. कुठल्या वर्षीची बिस्किटं, कुणास ठाऊक. मऊ होती तर तेव्हाच सांगायचं.

१४ सप्टेंबर

६ मिलिमीटर.

महिला मंडळाच्या बैठकीला येतेस का, मी घ्यायला येते, असा डॉटचा फोन. नको म्हटलं. डॉट एकोणऐंशीची आहे, मंडळाची चिटणीस, आणि सगळ्या जिल्ह्याच्या केकना नावं ठेवते. पण त्यासाठी नाही. मर्व गेला त्या आठवड्यात ती आली नव्हती.

त्या आठवड्यातलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. उंदीर आठवतात. ते उंदरांचं वर्ष होतं. जमीन हलतेय असं वाटावं एवढे उंदीर. लोक तारेच्या घासण्या आणून घरातली सगळी भोकं बुजवत होते, कारण तार उंदराला कुरतडता येत नाही. कुलाराच्या दुकानात भांडी घासायला घासणी मिळेना. सगळे येऊन गेले असं म्हणतात, कोणकोण ते मला सांगता येणार नाही. पण डॉट आली नव्हती, हे पक्कं आठवतं.

पुस्तक: प्रकरण चौथं, पेट्रोलची नळी. नळी काढून फुंकली. तोंडात पेट्रोल गेलं. नळी मोकळी आहे.

१७ सप्टेंबर, शनिवार

पाऊस नाही.

मी नको म्हटलं होतं, तरी डॉट आली. टोपलीभर गरम स्कोन, त्या गोल पावांवर लावायला जॅम, साय, बसायला घडीची खुर्ची. जणू काही सर्कस बघायला आली.

खरं तर सर्कसच होती. रॉसने लिंडसेला आणलं होतं. लिंडसे रेल्वेत इंजिनं दुरुस्त करायचा, आता निवृत्त आहे आणि सगळ्यांना सल्ले देतो. दोघांच्या डोक्यावर आइस्क्रीमचे डबे. दोघं बॉनेटमध्ये वाकलेले, दोन जोड्या रंगवलेले डोळे आभाळाकडे बघतायत. डॉट म्हणाली, "माझ्या लग्नाला यापेक्षा देखणे पुरुष आले होते."

"रॉसला कार्बोरेटर दिसतो कारण त्याच्याकडे पाना आहे," लिंडसे म्हणाला. "दोष विजेचा आहे. किल्ली फिरवताना वीज एका वाटेने येते, सोडली की दुसऱ्या. दुसरी वाट तुटलीय. म्हणून तीन सेकंद."

फार पटलं. शास्त्रशुद्ध वाटलं. त्याने बॅटरीपासून ठिणगी देणाऱ्या कॉइलपर्यंत वेगळी तार ओढली. किल्ली फिरवली. एक. दोन. तीन. बंद.

लिंडसेने तार ओढून बघितली. "रेल्वेत असं व्हायचं नाही," म्हणाला.

मग चहा घेतला. गाडीचं मागचं दार आडवं पाडलं की छान मेज होतं. डॉटने त्यावर पांढरा शुभ्र कपडा अंथरला आणि स्कोन मांडले. पुरुष खाता खाता मधेच जाऊन गाडी सुरू करून बघत होते, म्हणजे सहा-सात वेळा तरी. तेवढ्यात खाऊन घ्यायचं. डॉटचे स्कोन उत्तम होते, हे इथे लिहिते. तिला सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर

पाऊस नाही. पान ११८. मर्व: "इथे बोट चिरलं." डाग अजून आहे. त्यावर बोट ठेवून बसले.

२१ सप्टेंबर

११ मिलिमीटर. छान पाऊस.

जॅनीनने विचारलं, गाडीचं काय? म्हटलं, प्रगती आहे. खोटं. नऊ दिवस राहिले. कार्बोरेटर तीनदा उघडून झाला, मी आता डोळे मिटून जोडते. रॉसची पेरणी-फवारणी आहे, लिंडसेची पाठ धरलीय. आज दुपारी एकटीच गाडीत बसून किल्ली फिरवत होते. तीन सेकंद त्याचा आवाज, मग काही नाही. पुन्हा तीन सेकंद. मग मी थांबले, कारण मी गाडी दुरुस्त करत नव्हते, नुसता आवाज ऐकत होते.

खरं सांगायचं तर भीती वाटतेय. न्यूकॅसलला समुद्र आहे, मुलगी आहे, पाच मिनिटांवर मोठं वाचनालय आहे. वाईट काय आहे? काही नाही. पण इथल्या पावसाचा आकडा मग कोण लिहिणार? हे कुणाला सांगितलं तर हसतील. मी इथून गेले की मर्व दुसऱ्यांदा जाईल, असं वाटतं.

जॅनीन आज बराच वेळ बोलली. पाठीमागे गाड्यांचे आवाज येत होते. कुठून बोलतेस म्हटलं तर म्हणाली, दुकानाच्या वाहनतळावर, गाडीत बसलेय. तासभर? तिलाही गाडीत बसून राहायची सवय लागली वाटतं. ग्लेन कसा आहे? बरा आहे. कुठे आहे? अंघोळीला. मी म्हटलं, पाण्याचं बिल बघा जरा.

२४ सप्टेंबर, शनिवार

पाऊस नाही. प्रकरण नववं, पान २४०. पाण्याचा पंप. पंपात काही दोष नाही. सहा दिवस राहिले. बॅग काढून पलंगावर ठेवली, कपाटात परत टाकली.

२५ सप्टेंबर, रविवार

पाऊस नाही.

हात अजून काळे आहेत, पानावर डाग पडतायत. पडू देत.

चर्च झाल्यावर तिघं आले. रॉस, लिंडसे (कमरेला पट्टा बांधून) आणि डॉट. शेवटचा प्रयत्न, असं कुणी म्हणालं नाही, पण तोंडं तशीच होती. डॉटने मागच्या दारावर कपडा अंथरला, स्कोन मांडले, खुर्ची टाकून विणत बसली. पाखराच्या भीतीने ती नेहमी गाडीच्या मागेच बसते. आम्ही तिघं पुढे. चारदा सुरू केली, चारदा बंद. रॉस आणि लिंडसेची जुंपली.

"कार्बोरेटर."

"वीज."

"कार्बोरेटर!"

"तीनदा उघडलाय तिने तो, माठा."

"मग चौथ्यांदा उघडू दे."

तेवढ्यात मागून डॉट म्हणाली, "मला एक विचारायचंय. हसू नका. माझ्या नवऱ्याची, हेक्टरची, गाडी अशी जुनी होती. तिच्या मागे उभं राहिलं की माझे मोजे काळे व्हायचे."

"बरं मग?" लिंडसे म्हणाला. त्याच्या आवाजात रेल्वे होती.

"आठ दिवसांपूर्वी हाच कपडा इथे अंथरला होता. आजही तोच. तुम्ही दहा-बारा वेळा गाडी सुरू केलीत, मी मागे बसून स्कोन खातेय, आणि कपड्यावर काजळीचा एक ठिपका नाही. धूर जातो तरी कुठे?"

कुणी हसलं नाही. दोन आइस्क्रीमचे डबे एकमेकांकडे वळले. तीन आठवडे आम्ही सगळे गाडीच्या तोंडाशी होतो. मागे कुणी बघितलंच नव्हतं. आणि बघितलं तेव्हा चहा मांडलेला होता.

रॉस उताणा गाडीखाली गेला. सायलेन्सरच्या नळीत काडी घातली. हातभर आत गेल्यावर अडली. मग आकडा केलेली तार घालून ओढायला लागला. आधी गंजलेला तपकिरी भुगा. मग एक गोळा. तारेची घासणी. मग दुसरी. आतल्या गंजून दगड झालेल्या, उपटून काढाव्या लागल्या. डॉट मोठ्याने मोजत होती. सात घासण्या, आणि त्यांच्या पलीकडे वाळलेल्या गवताचं उंदराचं घरटं.

"कुणी केलं हे?" लिंडसे म्हणाला. "एवढं घट्ट! हे काम करणारा माणूस पक्का आहे."

डॉटने विणकाम खाली ठेवलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "नोएलीन, तूच गं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी. मी जेवण घेऊन आले तर तू इथे गुडघ्यांवर बसून झाडूच्या दांड्याने काहीतरी कोंबत होतीस. मी हाक मारली तर म्हणालीस, 'एवढं एक भोक राहिलंय, डॉट, मग मी येते.' मला काय माहीत ते गाडीचं आहे."

"तू आली होतीस?"

"रोज येत होते. सात दिवस. तिसऱ्या दिवशी तुझे केस धुऊन दिले. तुला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. अजूनही नाही आठवत. सोळा महिने मी या बाईवर रागावून बसले होते, आणि तिला वाटलं होतं की मी दुःखात आहे म्हणून बोलत नाही. मी तिला तिथेच सांगितलं, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "अगं, मग राग होता होय! मला वाटलं माझा केक आवडत नाही." आणि मी रडायला लागले ते हसण्यातच मिसळून गेलं.

रॉसने किल्ली फिरवली. एक. दोन. तीन. मग धडाम असा आवाज झाला आणि सोळा महिन्यांची काजळी, गंज आणि उंदराचं उरलेलं घर डॉटच्या कपड्यावर, स्कोनवर आणि डॉटवर. चार. पाच. सहा. गाडी चालूच. डॉट काळ्या तोंडाने उभी राहून टाळ्या वाजवत होती. आम्ही दहा मिनिटं तिथेच उभे राहून नुसतं ऐकत होतो. पाखराने रॉसच्या डब्यावर टोच मारली, तरी तो हलला नाही.

सायलेन्सरचं प्रकरण पुस्तकात अकरावं आहे. पान २७८ला सुरू होतं. आजच्या हिशेबाने मी तिथे बुधवारी पोहोचले असते. रॉसला मी हे मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, "सूचीतून गेली असतीस तर दहा तारखेलाच."

२९ सप्टेंबर

४ मिलिमीटर.

तात्पुरता परवाना काढून गाडी कुलाराच्या गॅरेजमध्ये नेली. रॉस शेजारी बसला होता. ब्रेक, दिवे, टायर तपासून घेतले, कागद नवे केले. मेकॅनिक म्हणाला, गाडी म्हाताऱ्या मास्तरणीसारखी आहे, सगळं झिजलंय पण काही हललेलं नाही. त्याने मास्तरीण म्हणताना माझ्याकडे बघितलं. मी मनाला लावून घेतलं नाही. उलट छानच वाटलं. तेराव्या वर्षी शाळा सोडलेली मी.

३० सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस नाही. आकाश निळं, दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं, डोळे दिपतात.

दोनला निघाले. एकटी. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीन फाटकं आहेत आणि मेंढ्यांमुळे प्रत्येक बंद करावंच लागतं. गाडी चालू ठेवून उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी पुढे काढायची, पुन्हा उतरून फाटक लावायचं. पहिल्या फाटकाशी उतरले. मी पाठ फिरवली की बंद पडेल, असं वाटत होतं. कडी काढताना कान मागे होते. गाडी शांतपणे गुरगुरत उभी होती. मर्व आत बसला असता तर बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरून म्हणाला असता, आज होणार का उघडून?

तीन वाजताच पोहोचले. पेट्रोल पंपासमोर लावली. आत्ता वाटतं बंद करायला हरकत नव्हती, पण केली नाही. अर्धा तास चालू ठेवली. पंपावरची मुलगी दोनदा विचारून गेली, आजी, सगळं ठीक आहे ना?

बस आली. जॅनीन उतरली. फार बारीक झालीय. तीन दिवसांच्या सुट्टीला केवढ्या मोठ्या दोन बॅगा! आजकाल लोकांना कपडे कमी पडतात. गाडी बघून ती पंपाच्या मधोमध थांबली. मग हसली, मग तोंडावर हात ठेवला आणि रडली. मला वाटलं बाबांची आठवण आली. म्हटलं, "हरलीस."

"हो," ती म्हणाली. "हरले."

परत येताना पहिलं फाटक आलं. मी हँडब्रेक ओढला आणि दाराला हात घातला, तोवर ती उतरूनही गेली होती. आमच्याकडे शेजारी बसेल त्याने फाटक उघडायचं असतं. लहानपणी तिचं तेच काम होतं. सोळा महिने माझ्या शेजारी कुणी नव्हतं, दोन्ही कामं मीच करत होते, हे मला आज तिला फाटकाला लटकून झोका घेताना बघून कळलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई. गाडीच्याच वयाची.

२ ऑक्टोबर

पाऊस नाही. जॅनीन दोन्ही दिवस दहापर्यंत झोपली. उठली की खाते. चेहरा जरा भरला. ठरल्याप्रमाणे तिने घराचा विषय काढलेला नाही. मीही नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

१ मिलिमीटर, जेमतेम.

सकाळी नऊला फोन वाजला. जॅनीन बाहेर कोंबड्यांना दाणे घालत होती. न्यूकॅसलचा दलाल होता. गोड बोलणारा माणूस.

"बाई, कागदांचं काय ठरलं? दुसरे लोक थांबलेत. दोन झोपायच्या खोल्या, समुद्राजवळ, एवढ्या भाड्यात मिळत नाहीत."

"दोन खोल्या मला एकटीला कशाला?"

तो गोंधळला. कागद चाळल्याचा आवाज आला. "इथे दोन नावं आहेत. तुमचं आणि जॅनीनचं. दोघी राहणार असं लिहिलंय."

मी म्हटलं, पाच मिनिटांनी फोन करा.

बाहेर गेले. ती दाण्यांची बादली घेऊन उभी होती. मी विचारलं, "तू माझ्याबरोबर राहिलीस तर ग्लेन कुठे राहणार?"

तिने बादली खाली ठेवली. कोंबड्या तिच्यावर तुटून पडल्या.

"तो राहतोच आहे, आई. फेब्रुवारीपासून. दुसऱ्या एकीकडे."

फेब्रुवारी. आठ महिने. आठ महिने मी त्याला अंघोळीला गेलेला समजत होते, आणि पाण्याच्या बिलाची थट्टा करत होते. सप्टेंबरभर ती रोज फोन करत होती आणि मी तिला कार्बोरेटर समजावून सांगत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू बाबांच्या दुःखात होतीस. त्यात माझं कुठे? मला वाटलं, तू तिकडे आलीस तर सांगावंच लागणार नाही. आपण आपल्या राहू." मग म्हणाली, "तू एकटी कशी राहशील, असं मी सारखं म्हणत होते ना..." आणि तिला रडू फुटलं.

मी तिला धरलं. कोंबड्या पायांत आल्या, त्यामुळे नीट धरता आलं नाही. मी तिला विचारलं की नोकरीला कधी परत जायचंय. साठलेली रजा ख्रिसमसपर्यंत पुरेल, म्हणाली. रजेचा अर्ज देऊनच आलीय. मी विचारलं, आणि ते घर हवंय का तुला? एकटीला?

तिने शेताकडे बघितलं, शेडकडे बघितलं. शेडमधून डॉट ओरडत होती, कारण ती रॉसला घेऊन आली होती आणि मॅगपायने तिलाही शेवटी गाठलं होतं.

फोन पुन्हा वाजला. मी उचलायला निघाले, तर जॅनीन माझ्या पुढे पळत गेली. तिने उचलला. दलाल काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "नाही, एकच नाही. कागदावरची दोन्ही नावं खोडून टाका."